सतरावा प्रश्न

यवतमाळ, लोहारा
१२ जून २०२४

प्रिय गंगी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. काल फुलचंदभाऊंनी उचलला. म्हणाले, "ती बाहेर गेली." मागे तुझा खोकला ऐकू येत होता.

तुझ्या दीपमालाचा जातवैधतेचा अर्ज समितीनं फेटाळला, हे मला तुझ्याकडून कळलं नाही. आदेशाची प्रत घरी आली त्यावरून कळलं. ती मला येते, कारण तज्ज्ञ म्हणून अभिप्राय माझा असतो. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात माझं नाव आहे. ते तू वाचलं असशील.

गंगी, ती दीपमाला आहे हे मला ठाऊक नव्हतं. चौकशीची माणसं घरी येऊन चाळीस प्रश्न विचारतात आणि उत्तरं लिहून नेतात. ते कागद माझ्याकडे तपासायला येतात. त्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. नाव झाकून पाठवा हा आग्रह माझाच. आपल्या सिस्टर ॲग्नेस पेपरांवर कागदाची पट्टी चिकटवून तपासायच्या, तसं. ओळखीपाळखीचा वारा लागू नये म्हणून. चाळिसांतून चोवीस गुण मिळाले की मी 'आप्तभाव दिसतो', म्हणजे माणूस जमातीतला वाटतो, असं लिहिते, खाली गेले की 'दिसत नाही'. तिला तेवीस पडले.

कोलामांच्या घरात जुना कागद सापडायचा कुठून? फुलचंदभाऊंचे वडील शाळेत गेले नाहीत आणि आजोबा तर जंगलातच जगले. कागद नाही म्हणून चालीरीती विचारायच्या, दुसरा मार्ग काय आहे? मी अकरा वर्षं हे काम प्रामाणिकपणे केलं, एवढं तू मान्य करशील.

आज तिचे कागद पुन्हा काढून बसले. बाकीच्या चुका मला समजतात. लेकरू महागावात वनखात्याच्या क्वार्टरमध्ये वाढलं आणि पुढे नर्सिंगच्या हॉस्टेलात. पण सतरावा प्रश्न? 'नवरी सासरच्या पोडाच्या वेशीवर पोहोचते, तेव्हा तिची आई काय करते?' खाली तिचं उत्तर लिहिलंय, 'काही नाही. आई येतच नाही.'

हे उत्तर तुझ्या लेकीनं द्यावं? आई वेशीवर मुलीला भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पाजते, रिकामा तुंबा पालथा करते आणि मागे न पाहता परत फिरते. मला हे कोणी सांगितलं? तूच. आपण नववीत होतो, हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला बसलो होतो. कोलामांवरच्या माझ्या पुस्तकातलं ते सगळ्यात सुंदर पान आहे. मला सांगितलंस आणि पोटच्या पोरीला नाही सांगितलंस. रागावू नकोस, पण तुम्ही तिला पोडात, तुमच्या माणसांच्या वस्तीत, नेलंच कमी.

वकिलाचं मी बघते. काळजी करू नकोस.

तुझीच,
विमल


यवतमाळ
५ जुलै २०२४

प्रिय गंगी,

फुलचंदभाऊंचा परवा फोन आला होता, तू सांगितलं म्हणून नव्हे, त्यांच्या मनानं. तुला माहीत नसेल तर सांगते. ते कधी आवाज चढवून बोलत नाहीत, परवाही चढवला नाही. म्हणाले, "ताई, पेपर तुमीच काढला, गाइड बी तुमीच लिवलं, तपासला बी तुमीच. नापास झाली ते तेवढी माही पोरगी."

मी म्हटलं, "भाऊ, मी नाव पाहिलं नव्हतं."

"तेच तं म्हनून राह्यलो. पाह्यलं असतं तं काय झालं असतं?"

मग त्यांनी सांगितलं की दवाखान्यानं दीपमालाला सेवेतून कमी केल्याचं पत्र दिलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. "तिची माय तिच्याजवळ बसून राह्यते. दोघी बी बोलत नाई."

गंगी, पहिल्या पत्रात मी तुला जे ऐकवलं ते लिहायला नको होतं. पोडात नेलं नाही वगैरे. माझी मुलगी पुण्यात असते, तिला मी कुठे काय शिकवलं?

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगायची की नाही याचा चार दिवस विचार करतेय. माझ्या पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढायला बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. विक्कीचं दुकान. माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या, त्यांनी वीस-पंचवीस पानांचा एक गठ्ठा घेतला. वरच्या पानावर माझे प्रश्न होते आणि खाली माझ्या पुस्तकातून उतरवलेली उत्तरं.

विक्कीला विचारलं, "हे काय आहे?"

"कोलामवाला सेट हाय मॅडम. लय चालते. चाळीसच्या चाळीस. सतराव्यावर गोल केला हाय पाहा, तिथं लोक चुकतेत म्हनून."

"कोणी बनवलाय?"

"कोन्या तरी प्रोफेसर मॅडमचं पुस्तक हाय म्हनतेत. मले काय मालूम."

मी प्रती न काढताच घरी आले. यांना सांगितलं. आमचे हे पेपर बाजूला न करताच म्हणाले, "म्हणजे ज्यानं पाठ केलं तो कोलाम, आणि जी घरात जन्मली ती नाही. छान माप शोधलंत." मी त्यांच्यावर चिडले. रात्री जेवताना मात्र मनात तेच घोळत राहिलं. सतराव्याला पूर्ण गुण मिळालेले अकरा वर्षांतले कागद आठवू लागले, तर सगळ्यांची भाषा एकसारखी. 'मागे न पाहता परत फिरते.' हे वाक्य माझं आहे. बोलताना कोणी असं बोलत नाही.

तरी माझी खात्री हलली नाही बरं का. लोक नक्कल करतात म्हणून मूळ काही खोटं ठरत नाही. पोडात जाऊन तुझ्या आईला, मानीमायला, एकदा विचारून येते, म्हणजे दीपमालाच्या वकिलालाही काही धागा मिळेल. तुझी परवानगी नको आहे, पण तुला न सांगता जावंसं वाटत नाही.

तुझी,
विमल


यवतमाळ
२१ सप्टेंबर २०२४

गंगी,

पोडात जाऊन आले. जाऊन सहा दिवस झाले आणि आज पेन हातात घेतलंय.

घाटंजीपर्यंत एसटीनं, तिथून फाट्यापर्यंत ऑटोनं आणि पुढे पायी गेले. कपाशी गुडघ्याच्या वर आली होती. तुझी आई चावडीच्या पायरीवर पाय सोडून बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. शेजारी तुझी वहिनी कोकिळा शेंगा सोलत होती.

"कोन?"

"मी विमल, माय. गंगीची मैत्रीण. कॉन्व्हेंटची."

"पुस्तकवाली?"

"हो."

"मंग आता काय इचाराले आली? सारं लिवलं ना तू."

कोकिळा हसली. मलाही हसू आलं. मी चहापत्ती नेली होती ती दिली, जरा इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं. मी अगदी निवांत विचारलं गंगी, जसं कोणी स्वतःच्या घराचा पत्ता विचारावा.

"माय, लग्न लागायला नवरी सासरच्या पोडाच्या वेशीवर येते, तेव्हा तिची माय काय करते?"

"कोनाची माय?"

"नवरीची."

"ते कायले येईन वो? ते घरी राह्यते. पोरीच्या मांगं माय कधी जाते काय?"

"म्हणजे येतच नाही?"

"आमच्यात नाई येत. बाकीच्याईचं मले काय मालूम."

म्हणजे दीपमालाचं उत्तर, शब्दाला शब्द. मी तरी हट्टानं म्हटलं, "तुंब्यातलं पाणी पाजून तुंबा पालथा करत नाही?" तेव्हा दोघी हसायला लागल्या. कोकिळा म्हणाली, "बाई, तुमी दुसऱ्या कोनाचं लगन पाह्यलं असन." आणि मग एकाएकी मानीमाय हसायची थांबली.

"तुंबा पालथा? हे तुले कोनं सांगतलं?"

"गंगीनं. लहानपणी."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं डुलकी लागली. मग बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझं आहे.

"ते लग्नाचं नोहे. ते माह्यं हाय. तिले त्या शाळेत सोडाले मीच गेलती. सा वर्साची बी नसन. फाटकापाशी म्हने तहान लागली. तुंब्यात घोटभर पानी होतं, ते पाजलं. ते पदर सोडेच ना. मंग म्या तुंबा उलटा करून दाखवला, पाह्य माय, सपलं, आता काई नाई माह्यापाशी. थे बाई म्हने, आता जा, मांगं पाहू नको, पाह्यलं का पोट्टी रडते. म्या नाई पाह्यलं. नदी आली तरी नाई पाह्यलं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिनं तुले सांगतलं तं, थे रडली का नाई तवा, हे सांगतलं का?"

मी म्हटलं, "नाही सांगितलं, माय."

त्या दुपारी गच्चीवर आपण सहा जणी होतो. पुसदच्या मुली आपापल्या घरची लग्नं सांगत होत्या, हळदी, वराती, रुसवेफुगवे. मी वही घेऊन बसले होते. मला तेव्हाच लिहून ठेवायचा नाद. सगळ्यांचं सांगून झालं तेव्हा मी तुझ्याकडे वळले, "तुमच्यात कसं असतं गं?" तू पोडातून येऊन नऊ वर्षं झाली होती. उन्हाळ्यात जायचीस ते पाहुण्यासारखी. तुला माहीत नव्हतं. आणि पाच जणींसमोर, उघड्या वहीसमोर, 'मला माहीत नाही' म्हणणं तुला जमलं नाही. तुझ्याजवळ निरोपाची एकच गोष्ट होती, ती तू मला दिलीस. मी तिची प्रथा केली. मग प्रश्न केला. मग एक गुण.

तू विचारशील, मी पुढे पोडं फिरले होते ना? फिरले. सात पोडं. आल्यावर माळ्यावरून तेव्हाच्या वह्या काढल्या. चार ठिकाणी बायकांनी सांगितलंय, असं काही नसतं. माझ्या अक्षरात त्यापुढे समासात लिहिलंय, 'प्रथा विस्मरणात जात आहे.' चारही ठिकाणी. त्यांना सांगता येत नव्हतं असं नाही, मला ऐकूच येत नव्हतं. तू सांगितलं होतंस आणि तू कोलाम होतीस. तुझ्यावर माझा एवढा विश्वास, की तुझ्या माणसांवर राहिला नाही.

हे सगळं मी समितीला लिहून कळवणार आहे. तू फक्त माझ्याबरोबर ये. दोघींनी सांगितलं तर काम होईल. एकदा फोन कर.

विमल


यवतमाळ
२७ ऑक्टोबर २०२४

गंगी,

तू आली नाहीस, लेकीला पाठवलंस. काल दुपारी आली. सोफ्याच्या कडेवर बसली, पाठ टेकली नाही. तुझ्यासारखीच पाणी पिताना डोळे मिटते. यांनी तिला चहा करून दिला, तेव्हा "काका, तुम्ही कशाला" म्हणाली आणि कप धुऊन ठेवला.

मी विचारलं, "आजीनं तुला सांगितलं?"

"हो, फोनवर. मग मी आईला सांगितलं. पण मावशी, आईला आधीपासून माहीत होतं. तुमचं पुस्तक आलं तेव्हापासून."

मला प्रकाशनाचा दिवस आठवला. कॉलेजचा हॉल, चौऱ्याण्णव साल. तू पहिल्या रांगेत होतीस. मी ते पान वाचून दाखवलं आणि तू पदर डोळ्यांना लावलास. मला वाटलं, माझं कौतुक. आभारात तुझं नाव घालू नकोस असं तू आधीच हट्टानं सांगितलं होतंस. तो मला तुझा भिडस्तपणा वाटला होता. तीस वर्षं मी तुला एवढीच ओळखत होते.

"मग ती बोलली का नाही मला?"

"तुम्ही लय खूश होत्या म्हणे. दुसऱ्या दिवशी बोलू म्हणाली, मग राहून गेलं. मग तुम्ही समितीत गेल्या. आता तर बोलायची सोयच नाही." मग तिनं तुझे शब्द सांगितले. "आई म्हणते, साहेबांसमोर उभं राहून मी काय सांगू? मला माझ्या घरचं लग्न माहीत नव्हतं म्हणून मी रचून सांगितलं? ते म्हणतील मायच खोटी, तर लेक कशाची खरी. तू तर गेलीच, मग मामाची पोरं बी जातील. त्यांचेही कागद तिथंच हायत."

मी म्हटलं, "पण खरं तेच आहे."

"खरं आहे मावशी. पण खरं बोलायले बी कागद लागते आमाले." एरवी ती शुद्ध बोलते. तेवढं वाक्य तुझ्या आईसारखं आलं.

जाताना चपला घालता घालता तिनं विचारलं, "मावशी, मला शून्य देताना तुम्हाला किती टक्के खात्री होती?"

"शंभर."

"आणि आता माझ्या उत्तराची?"

मी म्हटलं, "तुझ्या आजीच्या पोडात तसं आहे. बाकीच्या पोडांचं मला माहीत नाही."

"एवढंच तेव्हा लिहिलं असतं तर," ती म्हणाली. रागानं नाही. जखम धुताना नर्स बोलते तशी. मग एसटी चुकेल म्हणून निघाली.

रात्रभर विचार करून ठरवलंय. तुला काहीही कबूल करावं लागणार नाही. कसं ते कळवते.

विमल


यवतमाळ
१८ नोव्हेंबर २०२४

गंगी,

हे पत्र दोनदा वाच आणि जाळून टाक. आधीचीही जाळ. त्यांत काय काय लिहिलंय ते तुला माहीत आहे.

आज प्रतिज्ञापत्रावर सही केली. वकील ममता म्हणून आहे, हुशार आहे, नागपूरच्या कोर्टात जाते. तिला मी मजकूर तोंडी सांगितला, 'पुस्तकातील तुंब्याची प्रथा मला कोणीही सांगितलेली नाही. पानाला शोभा यावी म्हणून ती मी स्वतः रचली. ती खोटी आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. अर्जदाराचे सतराव्या प्रश्नाचे उत्तर तिच्या पोडाच्या रीतीप्रमाणे बरोबर आहे.'

ममताचं लिहिणं थांबलं. "मॅडम, हे असंच झालं होतं?"

"लिही."

"लोक तुम्हाला काय काय म्हणतील, कल्पना आहे? पुस्तक, पीएच.डी., सगळं निघेल."

"लिही म्हटलं ना."

त्यात शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे. शपथेवर खोटं बोलू नये हे आपल्याला इंग्रजी अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलं होतं. यांना घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, "जिथं शंका घ्यायची तिथं खात्री धरली, आता खात्रीनं खोटं बोलून ते फेडताय. जेवून घ्या."

आणखी एक. माझ्याकडे अकरा वर्षांचे नंबर आहेत. सतराव्यावर शून्य मिळून तेविसावर अडकलेले दीपमालाखेरीज चार निघाले. आणि चोवीसचीच रेषा का? मी खूप आठवून पाहिलं. आपल्या शाळेत साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास होता, त्यापलीकडे कारण सापडलं नाही. त्या चौघांची नावं मला माहीत नाहीत, मीच झाकून मागवली होती. नंबर ममताला दिलेत. ती शोधून काढीन म्हणाली.

कोर्ट बहुतेक समितीला पुन्हा ऐकायला सांगेल. तेव्हा दीपमालाबरोबर तुम्हा दोघांना बोलावतील. तुला विचारतील, ही प्रथा तुम्ही यांना सांगितली होती का. तू म्हणायचंस, 'नाही. मी काही सांगितलं नाही.' एवढंच. पुढे-मागे काही जोडू नकोस, तू घाबरलीस की जास्त बोलतेस. बाकी माझं मी बघते.

हे मी तुझ्यासाठी करतेय असं समजून ओझं घेऊ नकोस.

विमल


यवतमाळ
२३ मार्च २०२५

गंगी,

काल फुलचंदभाऊंचा फोन आला. दीपमालाला वैधता प्रमाणपत्र मिळालं, दवाखान्यानं परत रुजू करून घेतलं, सोमवारपासून तिची ड्यूटी. "ताई, पोरगी हासली आज," म्हणाले. मी तुझ्याबद्दल विचारलं. "बरी हाय," म्हणाले आणि नेटवर्क जातंय म्हणून ठेवला.

त्या चौघांपैकी दोघं सापडले आहेत. एक जण आता लोहाऱ्याच्या एमआयडीसीत हमाली करतो. ममता त्याच्याकडे गेली तर त्यानं दार उघडलं नाही. कॉलेजनं माझं पुस्तक ग्रंथालयातून काढलं. पूर्वीची एक विद्यार्थिनी बाजारात दिसली, तिनं रस्ता बदलला. हे सगळं मी धरूनच चालले होते. यातल्या कशासाठीही मी हे पत्र लिहीत नाहीय.

सुनावणीच्या दिवसापासून महिना झाला. मी तुला तिथं नऊ महिन्यांनी पाहिलं. निळं लुगडं, केस किती पांढरे झालेत. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, तसं ठरलेलंच होतं. समितीच्या साहेबांनी आधी मला विचारलं.

"मॅडम, प्रथा खोटी आहे हे माहीत असून तुम्ही अकरा वर्षं गुण देत राहिलात?"

"हो."

"मग आज सांगताय ते खरं कशावरून धरायचं?"

"मला विचारू नका. पोडात जा, मानीबाईंना विचारा. आणखी चार पोडांत विचारा. वेगळं सांगतील, तेही लिहून घ्या."

ते जाऊन आलेच होते म्हणे. कागद पुढे ओढून त्यांनी काहीतरी लिहिलं. मग तुझं नाव पुकारलं.

"ही तुंब्याची प्रथा या बाईंना तुम्ही सांगितली होती?"

"नाही. मी काही सांगितलं नाही."

मी लिहून दिलं होतं तसंच, शब्दाला शब्द. माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी ते उतरवून घेतलं, आणि मग चष्मा वर करून, काही संशयानं नव्हे, नुसता रकाना भरायचा म्हणून विचारलं, "दोघी एकाच शाळेत दिसता. ओळख होती ना?"

याचं उत्तर मी तुला लिहून दिलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. सरळ, बराच वेळ. आणि म्हणालीस, "नाही. मी यांना ओळखत नाही."

बाहेर आल्यावर ममता म्हणाली, "गंगीताई हुशार निघाल्या. ओळख आहे म्हणाल्या असत्या तर पुढचे दहा प्रश्न आले असते. तुम्हाला वाचवलं." घरी यांना सांगितलं तर म्हणाले, "ती मनापासून म्हणाली." मला दोन्ही पटतं. सकाळी एक पटतं आणि दिवेलागणीला दुसरं. तुझा आवाज मी सारखा आठवून बघते, तो कापला का, 'यांना' म्हणताना तू जरा थांबलीस का. पन्नास वर्षं तुला ऐकतेय आणि चार शब्दांचा अर्थ लागत नाही. फोन करून विचारता येईल. विचारणार नाही. तू जे सांगशील ते मी लिहून घेईन, आणि पुन्हा माझी खात्री होईल.

जबाब वाचून दाखवल्यावर तुझी सही झाली. तुझ्यानंतर माझी होती. तू सही करून उठलीस तेव्हा मी शेजारीच उभी होते, पेनसाठी हात पुढे केला होता. तू पेनाला टोपण लावलंस, ते टेबलावर ठेवलंस, आणि दीपमालाचा हात धरून दाराकडे गेलीस.

विमल